चिंगी थकलीय की निघालीय, हे कसं ओळखायचं

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. चिंगी ही तुमची १६ वर्षांची मांजरी. दोन वर्षांपूर्वी किडनीचा आजार कळला तेव्हा क्रिएटिनिन (किडनी नीट गाळत नसली की रक्तात वाढतं ते) २.६ होतं, आता ५.८ आलंय. वजन ३.८ किलोवरून २.७ वर उतरलंय. गेले तीन आठवडे ती वॉशिंग मशीनच्या मागे जाऊन बसते, दिवसभरात दोन-तीन चमचे खाते, पण मांडीवर घेतलं की अजूनही घुरघुरते. आई म्हणते, तिला तिच्या मरणाने जाऊ दे. डॉक्टर म्हणतात, सलाइन चालू ठेवा. आणि तुम्हाला रात्री झोप लागत नाही, कारण ती जगायला बघतेय की आपणच तिला अडवून ठेवलंय, हे कळत नाही.

मी २८ वर्षं जनावरांचा डॉक्टर आहे. पहिली नऊ वर्षं सरकारी दवाखान्यात गाई-म्हशी बघितल्या, त्यानंतर डोंबिवलीत कुत्री-मांजरं. म्हशीचं सोपं असतं. रवंथ थांबलं, दूध आटलं की गोठ्यातलं लहान पोरसुद्धा सांगतं, आज हिचं बरं नाही. कुत्रं तर तुमच्या पायाशी येऊन कुंई-कुंई करून सांगतं. मांजर सांगत नाही. ते स्वतः शिकारी असलं तरी मोठ्या जनावरांचं भक्ष्यही असतं, त्यामुळे आजारपण लपवणं त्याच्या रक्तात आहे. सोळा वर्षं फ्लॅटमध्ये गादीवर झोपलेली मांजरीही आजारी पडली की रानातल्यासारखी वागते. म्हणून 'ती ओरडत नाही, म्हणजे तिला दुखत नसेल' हे वाक्य मी दवाखान्यात रोज ऐकतो आणि रोज खोडतो.

मांजराचा शेवट एका लक्षणाने ओळखता येत नाही. मांजर एकेक सवय सोडत जातं. त्यामुळे माझा पहिला प्रश्न 'तिला काय होतंय' असा नसतो. मी विचारतो, 'तिने काय करायचं थांबवलंय?'

रेल्वेत गार्ड म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले एक आजोबा त्यांचा बोका बंड्या घेऊन यायचे. त्यांना क्रिएटिनिन, फॉस्फरस कशाचंच घेणंदेणं नव्हतं. पण गार्डाची शिस्त अशी की खिशात छोटी वही. त्यात नोंदी: '१२ तारखेपासून खिडकीत चढला नाही. १९ तारखेपासून दूधवाल्याची बेल वाजल्यावर दारात आला नाही. २३ ला पेपरवर बसला नाही, पेपर पूर्ण वाचून झाला.' ती शेवटची नोंद वाचून दाखवताना आजोबांचा आवाज गेला. त्या वहीने मला रक्ताच्या रिपोर्टपेक्षा जास्त सांगितलं. तुम्हीही आज बसून चिंगीच्या पाच खास सवयी लिहा. कबुतरांकडे बघून दात वाजवणं असेल, सकाळी तुमच्या पायात घोटाळणं असेल, कपाटावरची जागा असेल. त्यातल्या किती उरल्यात ते बघा. पाचांपैकी तीन-चार गेल्या असतील आणि औषधोपचारानंतरही परत येत नसतील, तर चिंगी म्हणून तिचं जे जगणं होतं ते संपत आलंय.

पण थांबा. त्याआधी एक गोष्ट करायचीच. मरणासारखी दिसणारी, पण उपचार होण्यासारखी दुखणी मांजरांत पुष्कळ असतात, आणि वय जास्त आहे म्हणून ती तशीच सोडून दिली जातात. मागे एक मांजरी आली, मान पूर्ण खाली, हनुवटी छातीला टेकलेली, चार पावलं टाकली की बसायची. घरच्यांनी खड्डाही खणून ठेवला होता. रक्तात पोटॅशियम तळाला गेलं होतं. खराब किडनीतून ते लघवीवाटे निघून जातं आणि स्नायूंतलं बळ संपतं. पोटॅशियम सुरू केल्यावर चार दिवसांत तिची मान वर आली आणि पुढे दीड वर्ष ती जगली. खड्ड्यात त्यांनी कढीपत्ता लावला.

रक्तदाबाचंही तसंच. म्हातारी मांजरी अचानक भिंतींना धडकायला लागते, बाहुल्या मोठ्याच्या मोठ्या, घरचे म्हणतात आता गेली हिची नजर आणि मतीही. दाब १६० च्या वर राहिला की डोळ्यांना धोका सुरू होतो, १८० च्या वर तर पडदा सुटू शकतो. त्यावर साध्या गोळ्या आहेत. दाताच्या मुळाशी झिजून पडलेला खड्डा असेल तर मांजर बशीपर्यंत येतं, घास घेतं आणि तोंड वाकडं करून टाकून देतं. थायरॉइड वाढलं तर भूक राक्षसासारखी आणि अंगावर मांस नाही. बोक्याची लघवी तुंबली तर तो एक-दोन दिवसांत मरू शकतो. तो लिटरमध्ये, म्हणजे वाळूच्या ट्रेमध्ये बसून नुसता कुंथत असेल, तर ती म्हातारपणाची कुरकुर नव्हे, त्याच तासाला दवाखाना गाठायचा. आणि ज्या एफआयपीला, म्हणजे मांजरांच्या एका जीवघेण्या विषाणूच्या आजाराला, आम्ही कित्येक वर्षं 'काही उपाय नाही' म्हणून हात टेकायचो, ती आता बऱ्याच मांजरांत औषधाने बरी होते.

म्हणून चिंगीचं पोटॅशियम, रक्तदाब आणि तोंड या तीन गोष्टी गेल्या महिनाभरात तपासल्यात का, ते डॉक्टरांना विचारा. क्रिएटिनिनचा एकच आकडा धरून निर्णय घेऊ नका. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना तो फुगतो, सलाइननंतर उतरतो. उलट अंगावरचं मांस झडलं की तो आहे त्यापेक्षा कमी दिसतो, कारण क्रिएटिनिन स्नायूंतूनच येतं. चिंगीने वजनाचा जवळपास ३० टक्के भाग गमावलाय, त्यामुळे तिचा ५.८ हा आकडा धष्टपुष्ट मांजराच्या ५.८ पेक्षा वाईट समजायचा. किडनीच्या आजाराचे जे चार टप्पे आम्ही धरतो, त्यात क्रिएटिनिन ५ च्या वर गेलं की चौथा. दोन वर्षांपूर्वी ती दुसऱ्यात होती.

आता अंगावरच्या खुणा. घरी बसून तुम्ही बघू शकाल अशाच सांगतो.

वजन सगळ्यांत प्रामाणिक असतं. माणसाच्या काट्यावर मांजर नीट कळत नाही, शंभर-दोनशे ग्रॅमचा फरक त्यात हरवतो. ओळखीच्या किराणावाल्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर टोपलीसकट ठेवा, किंवा तान्ह्या बाळाचा काटा मिळाला तर उत्तम. दर रविवारी, एकाच वेळी. आठवड्याला शंभर ग्रॅम जात असतील तर आपल्याला ते किरकोळ वाटतं, पण पावणेतीन किलोच्या जिवाला तो साठ किलोच्या माणसाने आठवड्यात दोन किलोंहून जास्त गमावण्यासारखा फटका आहे. हाताने बघायचं तर पाठीच्या कण्यावरून बोट फिरवा. मणी मोजता यायला लागले, माकडहाडाशी दोन्ही बाजूंना खळगे पडले, कानशिलं आत गेली की मांस झडतंय.

श्वास मोजायला शिका, आणि तो झोपेतला मोजा. ती गाढ झोपलेली असताना फोनवर तीस सेकंद लावा, बरगडी वर-खाली झाली की एक. त्याची दुप्पट. झोपेत मिनिटाला ३० च्या आत असला पाहिजे. दोन-तीनदा मोजून तो सतत वरच येत असेल तर फोन करायचा. पोट आत-बाहेर ओढून श्वास चाललाय, मान पुढे ताणलीय, कोपरं अंगापासून लांब धरलीत, किंवा तोंड उघडं आहे, तर सकाळची वाट बघायची नाही. मांजर कुत्र्यासारखं धापा टाकत नाही. तोंड उघडून श्वास घेणारं म्हातारं मांजर बुडत असतं, इतकंच समजा.

हिरड्या दिवसाच्या उजेडात बघा. ओठ वर करून बोटाने हिरडी दाबा, सोडा. पांढरा पडलेला ठसा दोन सेकंदांच्या आत गुलाबी झाला पाहिजे. कोरड्या, चिकट हिरड्या म्हणजे अंगात पाणी नाही. कातडी चिमटीत धरून बघायचा प्रकार म्हाताऱ्या मांजरावर करू नका, तिची कातडी वयानेच सैल झालेली असते, त्यातून काही कळत नाही. तोंडाला लघवीसारखा, अमोनियासारखा वास येत असेल तर युरिया रक्तात साठलाय. जिभेच्या कडेला फोड असतील तर मग ती खात का नाही याचं निम्मं उत्तर तिथेच मिळालं.

न खाण्याकडे बारकाईने बघा, कारण न खाण्याचे दोन प्रकार असतात आणि दोघांचा अर्थ वेगळा. सुकट भाजा. मशीनच्या मागून ती उठून आली, वास घेतला, ओठ चाटले आणि मागे फिरली, तर तिला भूक आहे पण मळमळतंय. त्यावर मळमळ थांबवणारी चांगली औषधं आहेत, भूक वाढवणारीही आहेत, आणि ती मागून घ्यायला तुम्ही लाजू नका. पण सुकट भाजल्याचा वास सगळ्या मजल्यावर गेला आणि तिने कानही हलवला नाही, औषध दोन-तीन दिवस देऊनही नाही, तर ते दुसरं. आपल्याकडे म्हणतात ना, अन्नावरची वासना उडाली. म्हाताऱ्या माणसांबद्दल म्हणतात तेच मांजरालाही लागू आहे. सिरिंजने तोंडात अन्न दाबत राहणं त्या टप्प्यावर मला पटत नाही. बरं होणाऱ्या आजारात ते करावं, नळीनेही भरवावं, कारण मांजर काही दिवस उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साठून नवंच दुखणं उभं राहतं. पण निघालेल्या जिवाला रोज सहा वेळा मानगूट धरून भरवलं, तर शेवटच्या आठवड्यात ती तुम्हाला बघून लपायला लागेल. हे मी बघितलंय. त्या घरच्या बाईंना मांजर गेल्याचं दुःख कमी होतं आणि याचं जास्त.

खायला काय द्यावं, असंही बरेच जण विचारतात. किडनीचं महागडं खाणं या टप्प्यावर विसरा. ती जे खाईल ते. उकडलेल्या चिकनचं कोमट पाणी, बांगड्याचा काटे काढलेला तुकडा, अगदी ते भाजलेलं सुकटसुद्धा. फक्त कांदा-लसूण घातलेला रस्सा नको, त्याने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. आणि दुखत असेल म्हणून घरातली पॅरासिटामॉल कधीही देऊ नका. मांजराच्या यकृताला ती पचवता येत नाही, एक गोळी जीव घ्यायला पुरते.

लपण्याबद्दल. मे महिन्यात कुठलंही मांजर बाथरूमच्या फरशीवर पसरतं, त्यात काही नाही. पण मशीनच्या मागे, भिंतीकडे तोंड करून, पंजे पोटाखाली घेऊन, डोळे अर्धवट मिटून, पाठ वर काढून खुडूक बसणं ही झोप नव्हे. झोपलेलं मांजर सैल असतं. दुखणारं मांजर स्वतःला आवळून धरतं. माँट्रियलच्या विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी २०१९ मध्ये मांजराचा चेहरा वाचायची एक पद्धत मांडली, ती घरीही जमते. कान बाजूला फिरलेत का, डोळे आवळलेत का, नाक-तोंडाचा भाग ताणून लांबट झालाय का, मिशा सरळ ताठ पुढे आल्यात का, डोकं खांद्याच्या रेषेच्या खाली गेलंय का. प्रत्येकाला शून्य, एक किंवा दोन. दहापैकी चार किंवा जास्त आले तर वेदनाशामक हवंच. चिंगीचा फोटो ती एकटी असताना, लांबून झूम करून काढा. तुम्ही जवळ गेलात की ती चेहरा सावरते.

घुरघुरणं हा तुमच्या प्रश्नातला सगळ्यांत नाजूक भाग आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. ती मांडीवर घुरघुरते म्हणजे तिला तुमचा सहवास आवडतो, हे खरं असू शकतं. पण मांजरं पिल्लं जनताना घुरघुरतात, हाड मोडल्यावर घुरघुरतात, माझ्या टेबलावर शेवटच्या इंजेक्शनआधीही घुरघुरलेली मी ऐकलीत. स्वतःला शांत करायचाही तो एक मार्ग असतो. त्यामुळे 'अजून घुरघुरते' या एका गोष्टीवर तुम्ही सगळा निर्णय टांगू नका. तिला खाली ठेवल्यावर ती कुठे जाते ते बघा. तुमच्या शेजारी बसून राहिली तर एक अर्थ, परत मशीनच्या मागे गेली तर दुसरा.

लिटरबाहेर होत असेल तर आधी ट्रेची कड बघा. सांधे दुखणाऱ्या मांजराला सहा इंचाची कड म्हणजे किल्ल्याची भिंत. जुन्या परातीत वाळू घालून द्या. तिथेही जमेना, आणि ओल्या अंगानेच ती तशीच पडून राहायला लागली, तर मात्र मी ते फार गंभीर धरतो. अंग चाटणं सोडलेल्या, पाठीवर केसांची जट झालेल्या मांजराला आपली अवस्था समजत नसेल असं मला कधी वाटलेलं नाही.

बाकी पशुवैद्यांमध्ये एक गुणपत्रिकाही चालते, अमेरिकेतल्या ॲलिस व्हिलालोबॉस यांनी केलेली. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईटापेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टींना दहापैकी गुण, आणि बेरीज ३५ च्या वर असेल तर काळजी घेत चालू ठेवावं. मी ती एकाच कामासाठी वापरतो. घरात दोन मतं असली की दोघांना वेगवेगळ्या खोलीत बसवून भरायला देतो. तुमच्या घरात तुम्ही आणि आई असं करून बघा. आकडे बहुधा तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जवळ येतील. रोजच्या वापराला त्याहून सोपं म्हणजे कालनिर्णय. दुधाचा हिशेब जसा चौकटीत लिहितो तसं रात्री झोपताना बरोबरची खूण किंवा फुली. दिवस चांगला की वाईट, एवढंच. आपण काल तिने दोन घास खाल्ले हे लक्षात ठेवतो आणि त्याआधीचे चार दिवस विसरतो. भिंतीवरचा कागद विसरत नाही.

सलाइनबद्दल. कातडीखाली रिंगर लॅक्टेट नावाचं सलाइन देण्याने किडनीच्या मांजरांना खरंच तरतरी येते आणि मी वर्षानुवर्षं घरच्यांना ते शिकवतो. पण त्याचा परिणाम किती टिकतो ते बघा. सुरुवातीला एका वेळेनंतर तीन दिवस बरे जात असतील, मग दोन, मग जेमतेम संध्याकाळ, तर ते औषध आता वेळ विकत घेतंय आणि भाव रोज वाढतोय. आणखी एक खूण: सुईनंतर खांद्यावर उंटासारखा फुगा येतो, तो काही तासांत जिरतो. दुसऱ्या दिवशीही तसाच लोंबत राहिला तर कातडीपर्यंत रक्त नीट पोचत नाही, शरीराने दुकान आवरायला घेतलंय.

इथे माझी चूक सांगतो, कारण ती तुमच्याकडून होऊ नये. आमच्या घरी बकुळ नावाची मांजरी होती, हृदय आणि किडनी दोन्ही अधू. शनिवारी दुपारी नेहमीसारखं सलाइन दिलं. रात्री झोपेतला श्वास मोजला, ४४. मी, जो दिवसभर लोकांना ३० चा आकडा पाठ करून घेतो, मी म्हणालो उकडतंय म्हणून असेल. पहाटे तीनला ती तोंड उघडून, पुढचे पाय फाकवून उभी होती, छातीत पाणी भरलं होतं. दवाखान्यात नेईपर्यंत वाटेत गेली, आणि शांतपणे गेली नाही. शुक्रवारी माझ्या बायकोने विचारलं होतं, सोडवायचं का हिला. मी म्हणालो, सोमवारी बघू.

आता आईच्या म्हणण्याबद्दल. तिच्या मरणाने जाऊ दे, यात क्रूरपणा नाही, माया आहे, आणि मागे एक भीतीही असते. मांजर मारल्याचं पाप काशीला गेलं तरी फिटत नाही, असं ऐकत आपण वाढलो. माझ्या दवाखान्यात त्या पापाच्या धाकाने कित्येक मांजरं आठ-आठ दिवस तडफडलीत. आईंशी वाद घालू नका. किडनीच्या आजाराचं 'तिचं मरण' कसं असतं तेवढं सांगा. काही मांजरं खरंच झोपेत जातात, पण कमी. बऱ्याचदा आधी दोन-तीन दिवस मळमळ, उलट्या, तोंडात फोड, मग अंग गार पडत जातं, आणि काहींना शेवटी झटके येतात. वेदनाशामक आणि मळमळीचं औषध शेवटपर्यंत देऊन, डॉक्टर फोनवर हजर ठेवून घरी मरण येऊ देणं हा मार्ग आहे, तोही मी लोकांबरोबर चाललोय. नुसतं मशीनच्या मागे सोडून देणं हा मार्ग नाही.

शेवटचे तास आले की ते कळतात, त्याबद्दल शंका राहत नाही. कान आणि पंजे गार लागतात. निरोगी मांजराचं अंग १०० ते १०२ अंश फॅरनहाइट असतं, ते ९९ च्या खाली उतरतं. कुशीवर आडवी पडते, डोकं उचलत नाही, हाक मारली तर ऐकल्यासारखं करते पण वळत नाही. डोळे उघडे, बाहुल्या मोठ्या, नजर कुठेच नाही. श्वासात खंड पडतो, थोडे भराभर, मग मोठा थांबा, मग परत. घशात आवाज यायला लागतो. घुरघुर आणि घरघर यांत फक्त उकाराचा फरक आहे, तो कान देऊन ओळखा. या अवस्थेत पाणी पाजायला जाऊ नका, ते फुप्फुसात जाईल. ओठ ओल्या कापसाने पुसा, खाली जुना टॉवेल घाला, पंखा कमी करा, आणि मागचे पाय अचानक लुळे, गार पडून ती किंचाळत असेल तर ते रक्ताची गुठळी अडकल्याचं लक्षण आहे, तेव्हा वाट न बघता डॉक्टरांना बोलवा.

इंजेक्शनचा निर्णय घ्यायचं ठरलं तर काय होतं तेही माहीत असू द्या. आधी भुलीचं औषध, कातडीखाली किंवा स्नायूत. पाच-दहा मिनिटांत ती गाढ झोपते, तेव्हा तिला तुमच्या मांडीवरच राहू द्या. मग पुढच्या पायाच्या शिरेत सुई, आणि भूल देण्याच्याच जातीचं औषध फार मोठ्या मात्रेत. आधी मेंदू बंद होतो, मग श्वास, मग हृदय, सगळं मिनिटा-दोन मिनिटांत. डोळे उघडे राहतात. लघवी होऊ शकते. गेल्यानंतरही एखादा उसासा किंवा पायाला कंप येतो, ती जिवंत नसते, घाबरू नका. डॉक्टरांना एक प्रश्न तोंडावर विचारा: आधी भूल देणार ना? शुद्धीत असलेल्या जनावराला सरळ हृदय थांबवणारं औषध टोचणं हा अघोरीपणा आहे, आणि तो अजूनही काही ठिकाणी चालतो. आणखी एक व्यवहाराची गोष्ट, जी कुणी आधी सांगत नाही. फार उशीर झाला की अंगातलं पाणी संपून शिरा बसतात, सुई चार-चार वेळा टोचावी लागते. त्यासाठीसुद्धा मी म्हणतो, एक आठवडा लवकर परवडतो, एक दिवस उशीर परवडत नाही. घरी येणारे डॉक्टर मिळाले तर घरीच बोलवा.

नंतरचं थोडक्यात. पुरायचं असेल तर किमान तीन फूट खोल, कारण इंजेक्शनचं औषध अंगात राहतं आणि उकरून खाणाऱ्या कुत्र्याला विषबाधा होते. सोसायटीत जागा नसते; मुंबईत मालाडला लहान प्राण्यांसाठी महापालिकेची दहनाची सोय २०२३ पासून आहे, तुमच्या पालिकेकडेही चौकशी आत्ताच करून ठेवा, त्या दिवशी फोन शोधत बसायला नको. घरात दुसरं मांजर असेल तर त्याला तिचा वास घेऊ द्या, नाहीतर ते आठवडाभर मशीनच्या मागे शोधत बसतं. आणि भाचरं लहान असतील तर त्यांना 'चिंगी झोपली' असं सांगू नका, रात्री झोपायला घाबरतात.

तर तुमचं. तुम्ही लिहिलंय त्यावरून मला ती वाटेवर लागलेली दिसते, पण पोटॅशियम आणि मळमळ या दोन गोष्टी बघितल्याशिवाय मी ते ठाम म्हणणार नाही. उद्या रक्त आणि दाब. मळमळीचं औषध आणि वेदनाशामक उद्यापासूनच. सलाइन कोमट करून द्या, पण त्या रात्री श्वास मोजा. पाच दिवस धरा. त्यात तिने स्वतःहून मशीनमागून बाहेर यायला सुरुवात केली, सुकटाला उठली, पाचांपैकी एखादी सवय परत आली, तर पुढचा रविवार वजनाचा. नाही आली, आणि भिंतीवर सलग फुल्या पडल्या, तर सहाव्या दिवसाची सकाळ डॉक्टरांकडून आत्ताच मागून ठेवा, आणि आदल्या दिवशी तिला खिडकीत उन्हाला घेऊन बसा. कबुतरं येतातच दहाच्या सुमाराला. मशीन मात्र आजच भिंतीपासून हातभर पुढे ओढा, म्हणजे तिला बाहेर काढताना पायाला धरून ओढावं लागणार नाही.